आज वेळापत्रकात नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी ताईने आणून दिली. म्हणाली, "रोज जेवताना मशीनचं गाऱ्हाणं मला ऐकवतेस, ते आता हिला ऐकव. माझं शब्दकोडं तरी सुटेल." ताई आयुष्यभर पोस्टात पत्रं वेगळी करायच्या खात्यात होती. निवृत्त झाली तरी सवय सुटलेली नाही. कुणी काही बोललं की ते कुठल्या कप्प्यात टाकायचं हे तिचं आधीच ठरलेलं असतं. माझं बहुतेक बोलणं 'पत्ता अपुरा' या कप्प्यात जात असावं.

तर आजचं गाऱ्हाणं. संचालकांनी सकाळी बोलावून घेतलं. एप्रिलमध्ये मंत्रालयाची समिती येणार आहे. पुढच्या दहा वर्षांत सरकार कुठल्या अ‍ॅक्सिलरेटरला पाठबळ देणार आणि कुठल्या नाही, हे ती ठरवणार. आमची मागणी जुनीच आहे: नवी चुंबकं, नवे वीजपुरवठ्याचे संच, चार माणसं. "सरकारने हात दिला तर मशीन आणखी वीस वर्षं चालेल," संचालक म्हणाले, "नाही दिला तर तुमच्या-माझ्या आधी तेच निवृत्त होईल." हसले, पण समोरचा चहा तसाच निवला.

मशीन चालवण्याची जबाबदारी माझी, म्हणून सादरीकरणही मीच करायचं आहे. समितीत अर्थखात्याचे दोघे असणार, म्हणून पहिलं पान सोपं हवं. संध्याकाळी बसून लिहिलं: हवा काढून घेतलेल्या एका मोठ्या गोल नळीत अणूंचे बारीक कण फिरवायचे, चुंबकांनी त्यांना वळवत राहायचं, दर फेरीला थोडा धक्का देऊन वेग वाढवायचा, आणि मग तीन लाइनींतून बाहेर काढून नमुन्यांवर सोडायचे. कुणी धातू आणतं, कुणी औषध, कुणी बियाणं. आत काय चाललंय ते दिसतं.

ताईला वाचून दाखवलं. "म्हणजे गोफण," ती म्हणाली. इतकी वर्षं मी उगाच पानंच्या पानं खर्ची घातली.

९ फेब्रुवारी, सोमवार

लोहाराशी भांडण. लोहार म्हणजे आमच्या चुंबक विभागाचा प्रमुख. जन्म लोखंडात गेला म्हणून हे नाव पडलं, आणि आवाजही घणाचाच आहे.

दर वर्षी या दिवसांत आम्ही मशीन सहा आठवडे बंद ठेवतो. त्याला 'मोठी सुट्टी' म्हणतात. सुट्टी मशीनची, आमची नव्हे. चुंबकांच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून थंड पाणी खेळत असतं. त्या सहा आठवड्यांत लोहार आणि त्याची माणसं एकेका सांध्यावर बोट फिरवून ओल लागते का ते पाहतात आणि कच्चे सांधे बदलतात. कंटाळवाणं काम, पण त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

समितीच्या अर्जात पहिलाच प्रश्न आहे: वर्षभरात बीम, म्हणजे कणांचा झोत, किती तास दिलात? मोठी सुट्टी पुढे ढकलली तर आकडा असा फुगतो की कुठल्याही देशाच्या मशीनने मान खाली घालावी. मी बैठकीत तेच मांडलं. लोहार उसळला. "बाई, सांधे बघितल्याशिवाय मी उन्हाळ्यात पाऊल टाकत नाही."

"उन्हाळा समितीनंतर येतो," मी म्हटलं.

"पाण्याला समिती कळत नाही."

"मग तूच जा समितीपुढे आणि सांग की आम्ही तीनशेपासष्ट दिवसांतले बेचाळीस दिवस बोटं फिरवत बसतो."

सगळे हसले. तो हसला नाही. शेवटी त्याने हात टेकले. समिती गेली की दुसऱ्या दिवशी मशीन त्याचं, असा शब्द दिला आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी असूनही दिवसभर आलेख काढले. ताईने शिवणयंत्र बाहेर काढलं आहे. कपाटातले सगळे कपडे काढून एकेक आत घेत बसली आहे. म्हटलं, एवढा कसला उत्साह? म्हणाली, हल्ली ढगळ कपड्यांची फॅशन गेली. ताई आणि फॅशन! पोस्टाचा तपकिरी कोट तिने निवृत्तीनंतरही दोन हिवाळे घातला होता.

पण बरं वाटलं. उत्साहात आहे.

४ मार्च, बुधवार

दुसऱ्या लाइनीचा वीजपुरवठ्याचा संच सकाळी जळाला. जळका वास नियंत्रण कक्षापर्यंत आला. सुटा भाग नाही, मागवायला पैसे नाहीत, आणि बाहेर एका विद्यापीठातली माणसं नमुने घेऊन बसलेली. तिसऱ्या लाइनीचा काढून दुसरीला लावला. दुपारी बीम सुरू. पाळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या लाइनीत आता काढण्यासारखं काही उरलं नाही. गेल्या तीन वर्षांत पंप गेले, मोजणीची यंत्रं गेली, केबलीसुद्धा गेल्या. आत नुसते रिकामे सांगाडे आणि भिंतीवर खुणा आहेत. पण बाकी दोन लाइनी अशा चालतात की घड्याळ लावून घ्यावं. मला याचा अभिमान आहे. आम्हाला कुणी काही दिलं नाही, तरी कुणाला 'नाही' म्हणालो नाही.

१३ मार्च, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या ताई काल बराच वेळ पायरीवर बसल्या होत्या. बरं आहे ना त्यांना?" घरी येऊन विचारलं. ताई म्हणाली, "अगं, तिची कटकट संपेना. उभं राहून किती ऐकणार? बसून ऐकलं." मला इतकं हसू आलं की चहा सांडला.

एक तक्रार मात्र लिहून ठेवते. ताई हल्ली सकाळी न्हाणीघरात नळ मोकळा सोडून बराच वेळ आत राहते. पाणी नुसतं वाहत असतं. दिवसभर पाण्याच्या दाबाकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईच्या घरात हे असं. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "आले, आले. जगबुडी नाही होत."

२९ मार्च, रविवार

ताईचा खोकला थंडीपासून आहे, म्हणून मीच मोठ्या दवाखान्यात तिची वेळ घेतली होती. १४ एप्रिलची मिळाली. आज तिने परस्पर फोन करून ती रद्द केली! कारण १५ला समिती. "आदल्या दिवशी तू माझ्याबरोबर बाकावर बसून राहणार आणि मनात आलेख मोजणार. त्यापेक्षा तुझी समिती होऊ दे. खोकला कुठे पळून जातोय?"

मी रागावल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर जिवात जीव आला. १४ला रंगीत तालीम ठेवायची होती.

७ एप्रिल, मंगळवार

लोहार पुन्हा आला. या वेळी आवाज खालचा, म्हणजे गोष्ट गंभीर. म्हणाला, "तिसऱ्या लाइनीचं दार उघडं ठेवू. समितीला आत नेऊ."

"आणि काय दाखवू? भिंतीवरच्या खुणा?"

"हो. तेच दाखवायचं. आपण कशावर चालवतोय ते कळू दे त्यांना."

मी त्याला म्हटलं की मी कटोरा घेऊन उभी राहणार नाही. पडक्या घरात कुणी पैसे गुंतवत नाही. चालतं मशीन बघूनच माणूस म्हणतो, ह्यांना दिलं तर सोनं करतील. तो दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "बाई, तुमचं चालवणं इतकं चांगलं आहे की भीती वाटते." मला वाटतं ही स्तुती होती.

संचालकांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तिसऱ्या लाइनीचं दार रंगवून घेतलं.

१५ एप्रिल, बुधवार

झालं. पार पडलं. सगळं लिहून ठेवते.

सहा जण आले. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, गोड बोलणारे. अर्थखात्याचे दोघे, त्यांतला एक सारखा फोन बघणारा. आणि मंत्रालयाच्या एक बाई, करड्या कोटातल्या, दिवसभरात पाच वाक्यंही बोलल्या नसतील, पण सारखं काही ना काही टिपून घेत होत्या. अशा माणसांची मला धास्ती वाटते.

सादरीकरण ठीक झालं. तासांचा आलेख पडद्यावर आला तेव्हा अध्यक्ष "अरे वा" म्हणाले. मग नियंत्रण कक्ष. सगळे पडदे हिरवे, एकही दिवा लाल नाही. बीम सकाळपासून एकदाही पडला नव्हता. अर्थखात्यातला फोनवाला मान वर करून म्हणाला, "हे एकतीस वर्षांचं आहे?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मग लाइनी. पहिलीत धातूवाले, दुसरीत औषधवाले. सगळ्यांनी आमचे गुण गायले. पुढे गेलो तर करड्या कोटातल्या बाई नव्या रंगाच्या दारापाशी थांबल्या. हात मुठीवर ठेवला. "इथे काय आहे?"

लोहार माझ्या मागेच होता. त्याचा श्वास मला ऐकू आला.

"तिसरी लाइन," मी म्हटलं. "आज वेळापत्रकात नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. जणू आणखी काही ऐकायला थांबल्या होत्या. मग मुठीवरचा हात काढला आणि सगळ्यांबरोबर पुढे गेल्या.

निघताना अध्यक्षांनी माझे दोन्ही हात धरले. "इतक्या कमी साधनांत इतकं उत्तम काम मी कुठेच पाहिलं नाही." मी घरी कशी आले आठवत नाही. ताई जागी होती. खुर्चीत, उशांना टेकून. हल्ली तिथेच झोपते. आडवं पडलं की पाठ धरते म्हणाली. तिला सगळं हावभावांसकट करून दाखवलं. दाराचंही सांगितलं. ती हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. म्हणाली, "बरं झालं. घरातला पसारा पाहुण्यांना कशाला?"

१६ एप्रिल, गुरुवार

लोहाराने मोठी सुट्टी मागितली. शब्द दिला होता, पण अध्यक्षांनी जाताना सांगितलं की निकाल लागेपर्यंत ताजे आकडे पाठवत राहा. आता बंद केलं तर आकडा कोसळेल. मे अखेरपर्यंत थांब म्हटलं. त्याने सांध्यांची यादी खिशात घातली. नुसता निघून गेला.

२१ मे, गुरुवार

निकाल आला.

अहवालात आमच्यावर अख्खं पान आहे, इतकं कौतुक की मी बाहेरच्या माणसासारखं वाचत गेले. यंत्रणा 'उत्कृष्ट स्थितीत'. कार्यक्षमता 'देशात सर्वोच्च'. आणि मग शेवटचा परिच्छेद. सध्याच्याच अनुदानात ही प्रयोगशाळा उत्तम चालत असल्याने नूतनीकरणाची निकड दिसत नाही. उपलब्ध निधी, जिथे अजून काहीच नाही अशा नव्या केंद्राकडे वळवावा.

तीनदा वाचलं. पाठ थोपटता थोपटता तोंडाला पानं पुसली. संचालक खिडकीशी उभे होते. म्हणाले, "आपण रडलो असतो तर म्हणाले असते, मोडकं आहे, बंद करा. हसलो तर म्हणतात, छान आहे, चालू द्या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, वाटून घेत नाही. स्वच्छतागृहात जाऊन रडले. खूप रडले.

ताईला सांगितलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. मांडी किती बारीक झाली आहे तिची. हाडं लागली. तिला म्हटलं, तू जेवतेस की नाही? म्हणाली, "तुझ्या समितीने माझी भूक मारली."

२३ जून, मंगळवार

दुपारी दोनला बीम पडला आणि परत आला नाही.

चौदाव्या चुंबकाचा सांधा फुटला. पाणी आत वेटोळ्यांत गेलं, आणि वीज चालू. मी बोगद्यात पोचले तेव्हा लोहार गुडघ्यांवर बसला होता, पाण्यात. वेटोळं काळं पडलं होतं, तांबं वितळून ओघळलं होतं. शेजारच्या दोन चुंबकांनाही झळ पोचली होती. तो सांधा त्याच्या यादीत होता. फेब्रुवारीत बदलायचा होता. मेअखेरची सुट्टीही मी दिली नव्हती, बाहेरच्यांना जूनचे तास कबूल केले होते म्हणून.

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "चला बाई. पाय ओले होतील तुमचे."

६ जुलै, सोमवार

सुटं वेटोळं नाही. होतं ते नऊ वर्षांपूर्वी वापरलं. नवं घडवायला वर्ष लागेल, आणि पैसे तर नूतनीकरणाच्या मागणीत होते. तातडीची मदत मागितली.

आज करड्या कोटातल्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. अपघाताचं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, सुट्टी का पुढे ढकलली तेही. मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दाराच्या आत काय होतं?"

सांगितलं.

मग म्हणाल्या, "मला तुमच्या बाजूने लिहायचं होतं. मी त्या नव्या केंद्राच्या विरोधात होते. पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. सगळ्यांना दिसलं ते फक्त हिरवे दिवे. म्हणून दार दिसलं तेव्हा थांबले होते."

"तेव्हा उघडा म्हणायचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना रागवायला लागले होते. दोष द्यायला माणूस लागतोच.

१७ जुलै, शुक्रवार

सकाळी न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. मी आलेख नाहीत, घाई नाही, म्हणून नुसती टेबलाशी बसले होते. नळाच्या आवाजाआड दुसरा आवाज होता. बराच वेळ ऐकत होते आणि कळत नव्हतं. मग काहीतरी पडलं.

दार फोडावं लागलं नाही, कडी लावलेली नव्हती. ताई जमिनीवर. बेसिनमध्ये रक्त, पाण्याबरोबर गुलाबी होऊन वाहून जात होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने ताईला विचारलं, "कधीपासून होतंय हे?" ताई, नाकाला नळी लावलेली, म्हणाली, "चार दिवस झाले असतील."

"नाही," मी म्हटलं.

आणि मग मी बोलत सुटले. नळ कधीपासून, ते. कपडे आत घेतले, ते. पायरीवर बसणं. खुर्चीत झोपणं. मांडीचं हाड. रद्द केलेली तारीख. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं, आणि एकही दिवस विसरले नव्हते. डॉक्टरीण लिहून घेत होती. मधेच तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला प्रश्न कुठला होता ते मला कळलं.

ताई म्हणाली, "कशाला सांगत बसलीस? समिती आहे का ही?"

२ ऑगस्ट, रविवार

दोन्ही फुप्फुसं. आणि पुढे मणक्यात. शस्त्रक्रिया नाही. हिवाळ्यात आली असती तर, असं डॉक्टरीण म्हणायला गेली आणि थांबली. चांगली मुलगी आहे.

ताईला घरी आणलं. लोहार भेटायला आला होता. ताईसाठी संत्री आणली आणि स्वतःच सोलून स्वतःच खाल्ली, बोलायला सुचेना म्हणून. ताईने त्याला विचारलं, "तुमच्या गोफणीचं काय झालं?" तो म्हणाला, "दोरी तुटली हो ताई." दोघं हसले. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तातडीची मदत नाकारली. मशीन कायमचं बंद करायचं. आणि त्याच दिवशी दुसरा निरोप: सुरक्षितपणे उखडून जागा मोकळी करण्यासाठी निधी मंजूर. आम्ही नूतनीकरणाला मागितला होता त्याहून जास्त. मागितलाही नव्हता, तरी लगेच मंजूर. उखडण्याचं काम माझ्या देखरेखीखाली व्हावं, अशी मंत्रालयाची इच्छा आहे, माझा अनुभव लक्षात घेऊन.

मी संचालकांच्या खोलीत मोठ्याने हसले. ते घाबरले. मला पाणी दिलं.

लोहार नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाला, "तुम्ही घरी बसा. मी बसवली होती ती चुंबकं, मीच काढतो." मी त्याला म्हटलं, "मी तुझं ऐकलं नाही." तो म्हणाला, "हो. नाही ऐकलंत." बस, एवढंच. माफ केलं असं काही म्हणाला नाही आणि मीही माफी मागितली नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज नळीत हवा सोडली. एकतीस वर्षं आत हवेचा कण नव्हता. ती पोकळी टिकवायला रात्ररात्र जागलेली माणसं बोगद्यात उभी होती. निवृत्त झालेलेही तिघे आले होते, एकाच्या हातात काठी. झडप मी फिरवावी असं सगळ्यांना वाटत होतं. फिरवली. शीळ घातल्यासारखा आवाज सुरू झाला आणि बारीक होत होत गेला. कुणीतरी घसा खाकरला. आवाज थांबल्यावरही कुणी हलेना.

मग लोहार म्हणाला, "चला, चहा घेऊ." तशी पांगापांग झाली. मी ताईला दुपारच्या औषधाला उशीर नको म्हणून घरी आले.

२९ ऑगस्ट, शनिवार

काल तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरिणीने मला एकटीला बाहेर बोलावलं. थंडी पडेपर्यंत, म्हणाली. फार तर थोडं पुढे. ताईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आज संध्याकाळी ताईची झोप झाली. खिडकीशी पलंग सरकवला आहे, तिथून रस्ता दिसतो. समोरचा माणूस गाडी धूत होता आणि ताई त्याच्या चुका काढत होती. मग एकदम म्हणाली, "काल तिने तुला बाहेर कशाला बोलावलं?"

"काही नाही. औषधांच्या वेळा."

"बरं."

मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं. ते उकळून उकळून अर्धं झालं तरी मी ओट्याला धरून उभी होते. मग गॅस बंद केला, परत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. सांगितलं. डॉक्टरिणीने जे शब्द वापरले तेच वापरले, एकही गोड केला नाही. किती दिवस, ते सांगितलं. पुढे काय काय होईल, तेही.

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. समोरचा गाडी पुसून घरात गेला. रस्त्यावरचे दिवे लागले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तू सांगशील असं वाटलं नव्हतं."

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"मला भीती वाटते गं," ताई म्हणाली.

साठ वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी म्हटलं, "मलाही." मग थोड्या वेळाने विचारलं, "ताई, दुखतं का?"

ती "छे" म्हणायला निघाली होती. ओठ तसे झालेही होते. मग तिने माझा हात धरला आणि कुठे कुठे दुखतं ते एकेक करून दाखवलं. बराच वेळ लागला.